मरुभूमीतील क्रीडोद्यान आणि आपला रुग्ण : प्रवासपूर्व विचार

गेल्या फाल्गुनात मनोरी येथील माझ्या चिकित्सालयात एक ५२ वर्षांच्या गृहिणी नेहमीप्रमाणे फेरतपासणीसाठी आल्या. ग्रहणीचा जुना त्रास आणि जातिफलादि चूर्णाने मिळालेला उत्तम उपशय, अशी त्यांची थोडक्यात हकीकत. त्या दिवशी त्यांची मागणी मात्र निराळी होती. "डॉक्टर, दोन महिन्यांच्या पुड्या एकदमच बांधून द्या. मुलगा रियाधला आहे. मे महिन्यात सगळे जाणार आहोत. नातवंडांना तिथलं नवं पार्क बघायचंय." मदतनीसाने पुड्या बांधावयास घेतल्या आणि मी पुढील रुग्णाची नाडी पाहू लागलो. निम्म्याहून अधिक पुड्या बांधून झाल्यावर माझ्या ध्यानी आले की, या चूर्णात भंगा आहे आणि बाई ते सौदी अरेबियात नेणार आहेत. नाव नसलेल्या, घटक न लिहिलेल्या, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या साठ पुड्या. त्या पुड्या मी परत घेतल्या. तथापि या प्रसंगामुळे मी पुष्कळ अस्वस्थ झालो आणि तीच अस्वस्थता या लेखाचे निमित्त आहे.

क्रीडोद्यान हा विषय आम्हा मनोरीकरांस नवा नाही. शेजारच्या गोराईत १९८९ साली एस्सेलवर्ल्ड सुरू झाले आणि १९९८ साली वॉटर किंगडम. मार्व्याच्या धक्क्यावर सुट्टीत लागणाऱ्या रांगा आम्ही पाहिल्या आहेत. संध्याकाळी उलट्या, शिरःशूल वा उन्हाने लाल झालेली मुले घेऊन येणारे पालकही पाहिले आहेत. आता मात्र उपनगरांतील मध्यमवर्गीय कुटुंब याच हेतूने समुद्रापलीकडे जाते. अबुधाबीच्या यास बेटावर फेरारी वर्ल्ड (२०१०), यास वॉटरवर्ल्ड (२०१३), वॉर्नर ब्रदर्स वर्ल्ड (२०१८) व सीवर्ल्ड (२०२३) उभे राहिले, तर दुबईत २०१६ साली दुबई पार्क्स अँड रिसॉर्ट्स. या मालिकेतील नवे व भव्य उद्यान म्हणजे रियाधनजीक तुवैक कड्यांच्या परिसरात ३१ डिसेंबर २०२५ रोजी सुरू झालेले सिक्स फ्लॅग्ज किद्दिया सिटी. तेथील 'फाल्कन्स फ्लाइट' हा झुलता रूळमार्ग चार किलोमीटरहून लांब असून त्याचा वेग ताशी सुमारे २५० किलोमीटर आहे. विमान, निवास व प्रवेशपत्रे यांचे नियोजन प्रवासी संस्था करून देतात. रुग्णाच्या शरीराचे आणि औषधांच्या पिशवीचे नियोजन मात्र आपणाकडेच येते.

प्रथम देशविचार. मनोरी म्हणजे एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस खाडी व खारफुटी, आहारात भात आणि मासळी. अनूप देशाचे याहून चांगले उदाहरण विद्यार्थ्यांना दाखविता येणार नाही. मरुभूमी हा जांगल देशाचा कळस होय. चरकाचार्यांनी अग्र्यसंग्रहात मरुभूमीस आरोग्यकर देशांत श्रेष्ठ म्हटले असून अनूपास अहितकर देशांत अग्रस्थान दिले आहे. या वचनाचा दाखला देऊन "तिकडची हवा उत्तम, खुशाल जा" असे सांगणारे वैद्य मला भेटले आहेत. हा वचनाचा विपर्यास होय. तेथे दीर्घकाळ वास करणाऱ्याच्या स्वास्थ्याचा विचार आहे. अनूपसात्म्य मनुष्य विमानाने तीनचार तासांत जांगल देशी उतरतो व दुसऱ्याच दिवशी दहा किलोमीटर चालतो, त्याची गोष्ट वेगळी. सात्म्य क्रमाने पालटावे, हा आपलाच सिद्धांत आहे.

व्यवहारात याचा अर्थ असा. मनोरीत घाम अंगावरून निथळतो, म्हणून रुग्णास तो जाणवतो व तो पाणी मागतो. रियाधसारख्या शुष्क हवेत घाम येताक्षणी वाळून जातो. अंग कोरडे दिसते, तृष्णेचे भान उशिरा येते आणि उदकक्षय मात्र चालूच राहतो. तेथे मूत्राचा वर्ण व प्रमाण हाच रुग्णाने पाहावयाचा भरवशाचा निकष. दुबई आणि अबुधाबी यांची स्थिती मात्र भिन्न आहे. ती वाळवंटी असली तरी समुद्रकाठची आहेत. श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास तेथे उष्णतेस प्रचंड दमटपणाची जोड मिळते, घाम वाळतच नाही आणि शरीर थंड होण्याचा मार्गच खुंटतो. म्हणून "वाळवंटात जातो" एवढ्या उत्तरावर समाधान न मानता कोणत्या नगरात, हे विचारावे. रियाध समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. पौष-माघात तेथील रात्री चांगल्याच थंड असतात, तेव्हा हिवाळ्यात जाणाऱ्या श्वासाच्या रुग्णास लोकरी वस्त्र नेण्यास सांगावे. वाळवंट म्हटल्यावर हे कोणाच्याही मनात येत नाही.

ऋतूच्या बाबतीत आपली शालेय सुट्टी आणि तेथील हवामान यांचे वैर आहे. मे महिन्यात आपली मुले मोकळी असतात आणि तेव्हाच तेथील दुपार चाळिशी ओलांडते. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी १२.३० ते ३ पर्यंत, आणि सौदी अरेबियात त्याच काळात १२ ते ३ पर्यंत, उघड्यावर काम करण्यास कामगारांना कायद्याने मनाई असते. सवयीच्या कामगारांना जे निषिद्ध, ते आपल्या मधुमेही आजोबांना हौसेखातर करावयास लावू नये. मार्गशीर्ष ते माघ हा काळ सर्वोत्तम. दिवाळीच्या सुट्टीत दुपार वगळल्यास चालते. उन्हाळ्यातच जाणे अटळ असेल, तर फेरारी वर्ल्ड वा वॉर्नर ब्रदर्स वर्ल्ड यांसारखी छताखालील उद्याने निवडावीत. तेथेही वातानुकूलित दालन आणि बाहेरील ऊन यांत वारंवार ये-जा केल्यास प्रतिश्याय व शिरःशूल ठरलेला. रमजानचा महिना केव्हा येतो हेही तिकिटे काढण्यापूर्वी पाहावे, कारण त्या काळात वेळा बदलतात.

आता पंचकर्माकडे वळू. येथे चूक रुग्णाची नसून बहुधा आपली असते. सिद्धिस्थानाच्या अखेरीस संशोधनानंतर वर्ज्य करावयाचे जे आठ महादोषकर भाव सांगितले आहेत, ते उच्च भाषण, रथक्षोभ, अतिचंक्रमण, अत्यासन, अजीर्ण, अहित भोजन, दिवास्वाप व मैथुन होत. क्रीडोद्यानातील एक दिवस डोळ्यांसमोर आणावा. झुल्यावरील आरडाओरड, यंत्राचे हिसके, दिवसभराची पायपीट, विमानातील दीर्घ बैठक, अवेळी खाल्लेले तळलेले पदार्थ आणि परतल्यावर दुपारची झोप. आठांपैकी सात एकाच सहलीत! रथक्षोभाचे इतके शुद्ध उदाहरण आचार्यांनाही दिसले नसेल. शारदीय विरेचन आश्विनात देणारा वैद्य दिवाळीचा बेत विचारत नाही आणि संसर्जनक्रम जेमतेम संपलेला रुग्ण नरक चतुर्दशीला दुबईच्या विमानात बसतो. बस्तीचा परिहारकाल तर चिकित्साकालाच्या दुप्पट आहे. ३० बस्तींचा कर्मबस्ती घेतलेल्यास पुढील साठ दिवस पथ्य सांभाळावयाचे असते. माझ्या केसपेपरवर आता 'येत्या तीन महिन्यांत प्रवास?' असा एक रकाना छापून घेतला आहे. त्याचे उत्तर 'होय' असेल तर शोधन पुढे ढकलून शमनावर भागवितो. त्यात चिकित्सालयाचे उत्पन्न थोडे घटते, हे कबूल.

गर्भिणी, अलीकडे शस्त्रकर्म झालेला, मन्याशूलाचा, भ्रमाचा वा हृद्रोगाचा रुग्ण यांनी वेगवान यंत्रांत बसूच नये, हे सर्वत्र फलकावर लिहिलेले असते. परंतु सहलीत आग्रह फलकापेक्षा मोठा ठरतो. वैद्याने नातेवाइकांसमोर स्पष्ट नकार द्यावा, म्हणजे त्या व्यक्तीस तेथे निमित्त शोधावे लागत नाही. रक्तदाबासाठी मूत्रल औषध घेणाऱ्यांना उष्ण प्रदेशात जाण्यापूर्वी संबंधित डॉक्टरांकडे पाठवावे, मात्रा आपण बदलू नये.

औषधांच्या पिशवीचा विषय सर्वांत नाजूक आहे आणि येथे औषधविक्रेत्या बंधूंचे विशेष लक्ष वेधतो. आखाती देशांत अमली पदार्थांचा कायदा अत्यंत कठोर असून आपणाकडे स्वयंपाकघरात असणारी खसखसही त्या कक्षेत येते. आमच्या मनोरीतील ईस्ट इंडियन घरांत उन्हाळ्यात बाटली मसाला कुटतात, त्यात खसखस असते. दिवाळीच्या अनारशांवर आणि करंजीच्या सारणातही ती असते. हे पदार्थ मुलासाठी बांधून देणाऱ्या आईच्या ध्यानीमनी काही नसते. नातेवाइकाने दिलेल्या पार्सलात अमली पदार्थ निघाल्यामुळे मुंबईच्या एका दांपत्यास २०१९ साली कतारमध्ये अटक व पुढे शिक्षा झाली आणि निर्दोष सुटून परतण्यास २०२१ उजाडले. पार्सलात काय आहे, हे त्यांना ठाऊकच नव्हते. आपल्या पुडीत काय आहे, हे तरी रुग्णास कोठे ठाऊक असते?

आपल्या कपाटातील भंगा व अहिफेनयुक्त कल्प एकदा वेगळे काढून ठेवावेत. जातिफलादि चूर्ण, मदनमोदक, कर्पूररस, निद्रोदय रस, कामिनीविद्रावण रस ही पटकन आठवणारी नावे. यांपैकी काहीही, कितीही अल्प मात्रेत, आखातात जाणाऱ्या रुग्णास देऊ नये. 'डॉक्टरांची चिठ्ठी आहे' हा बचाव तेथे गृहीत धरता येत नाही. औषधी द्रव्ये व प्रसाधने नियमांच्या अनुसूची ई(१) मधील द्रव्ये असलेल्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापलेली असते. विक्रेत्याने ती सूचना दिसताच "परदेशी नेणार काय?" एवढा प्रश्न विचारला तरी पुष्कळ काम होते. झुल्यावरील चक्करीसाठी आपण सहज सूतशेखर देतो. त्यात अमली द्रव्य नाही, परंतु पारद, वत्सनाभ व धत्तूर आहेत. हे तेथील अधिकाऱ्यास पटवून देण्याचे काम वयस्क रुग्णावर का टाकावे? सुंठ, मोरावळा व अविपत्तिकर यांवर चार दिवस निभावते.

रसौषधींविषयी परदेशात संशय का आहे, हेही जाणून असावे. २००४ साली अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तपासलेल्या ७० पैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. त्यानंतर आपल्या शासनाने वनस्पतिज औषधांच्या निर्यातीसाठी १ जानेवारी २००६ पासून जड धातूंची चाचणी सक्तीची केली. त्या पाहणीवर आपल्यात बराच वाद झाला, परंतु विमानतळावर वाद घालता येत नाही.

आसवारिष्टे सौदी अरेबियात मुळीच पाठवू नयेत. स्वयंनिर्मित मद्यार्काचे प्रमाण बाटलीवरच छापलेले असते आणि तेथे मद्य निषिद्ध आहे. दशमूलारिष्टाऐवजी दशमूलाचे भरड, कारखान्याच्या बंद वेष्टनात, द्यावे. नावांचा एक घोटाळा आवर्जून सांगतो. उशीर म्हणजे वाळा, त्यास हिंदीत व बाजारात खस म्हणतात. वाळ्याच्या सरबतावर वा चूर्णावर इंग्रजी लिपीत 'खस' असे लिहिलेले पाहून खसखशीचा संशय येऊ शकतो. चिठ्ठीवर 'व्हेटिव्हर' असे लिहावे, अथवा ते नेऊच नये.

जे द्यावयाचे ते मूळ वेष्टनात, घटकांच्या छापील यादीसह आणि प्रवासाच्या दिवसांपुरतेच. सोबत इंग्रजीत टंकलिखित चिठ्ठी, तीवर रुग्णाचे पारपत्रावरील नाव, निदान, मात्रा आणि आपला महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचा नोंदणी क्रमांक. हातातील सामानात १०० मिलिलिटरहून मोठी द्रवाची बाटली चालत नाही, तेव्हा तैले तपासणीच्या सामानात जातील. निद्रेची, वेदनेची वा मानसविकाराची आधुनिक औषधे चालू असल्यास त्या देशाची ऑनलाइन पूर्वपरवानगी प्रवासापूर्वी घ्यावी लागते, हे रुग्णास कोणीच सांगत नाही. आपण सांगावे.

आहाराचे थोडक्यात. बाहेरचे पदार्थ उद्यानात सहसा नेऊ देत नाहीत. खर्जूर तेथे विपुल व उत्तम मिळतो, सकाळी चारपाच खजूर आणि भिजविलेल्या मनुका खाऊन निघावे. क्षारजलसंजीवनीच्या पुड्या बंद पाकिटात न्याव्यात. तेथे 'लबन' नावाचे ताक दुकानोदुकानी मिळते व आपली मंडळी आवडीने पितात. परंतु उष्णकाळी, तसेच भ्रम, मूर्च्छा व दाह असताना तक्र निषिद्ध सांगितले आहे. ते रात्रीच्या जेवणात, पातळ करून घ्यावे. भर उन्हात तहानेवर ते नको.

एवढे करूनही कोणी उन्हात कोसळला, बरळू लागला, अंग तापून ४० अंशांवर गेले, तर तो उष्माघात होय, मग त्वचा कोरडी असो वा घामेजलेली. येथे चंदनलेप, प्रवाळ वा कांद्याचा रस यांत एक क्षणही दवडू नये. सावलीत घ्यावे, कपडे सैल करावेत, सर्वांगावर पाणी ओतून वारा घालावा, शुद्ध नसल्यास तोंडात काही घालू नये आणि रुग्णवाहिका बोलवावी. हा क्रमांक अमिरातीत ९९८ आणि सौदी अरेबियात ९९७ आहे. मी हे दोन्ही क्रमांक चिठ्ठीच्या मागील बाजूस लिहून देतो.

आरंभी उल्लेखिलेल्या बाईंना मी दाडिमाष्टक चूर्ण बंद डबीत दिले आणि मेऐवजी डिसेंबरात जाण्याचा सल्ला दिला. नातवंडे रुसली, सुनेने तारखा बदलल्या. फाल्कन्स फ्लाइटमध्ये बसणार नाही, असे बाईंनी स्वतःहून सांगितले. या उन्हाळ्यात त्यांनी मुलासाठीचा बाटली मसाला घरच्यापासून वेगळा कुटला आणि त्यात खसखस घातली नाही.