गॅलरीतलं तळं किती किलोचं?

अंधेरीचा वन बीएचके असो नाहीतर मुलुंडचा टू बीएचके, गॅलरी नावाच्या त्या चार बाय आठच्या तुकड्यावर आपले प्लॅन काही कमी नसतात. कपड्यांची दोरी, वॉशिंग मशीन, आईची तुळस, कोपऱ्यात उभी केलेली सायकल. आणि यात भर म्हणून अॅक्वापोनिक्स! खाली टाकीत मासे, वर वाफ्यात पालक. माती नाही, खत नाही, शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन शेती बघायची. आयडिया सॉल्लिड आहे. फक्त दुकानात जाऊन मासे निवडण्याआधी एक बोअरिंग वाटणारा प्रश्न सोडवायला हवा: वाफ्यात भरायचं काय?

आधी फंडा समजून घेऊ. मासे पाण्यात अमोनिया सोडतात. तो साचला की मासे मरतात. पण दगडांवर, खड्यांवर चिकटून राहणारे जिवाणू या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट म्हणजे पालेभाजीची मेजवानी. छोटा पंप टाकीतलं पाणी वर वाफ्यात चढवतो, मुळं आपला वाटा घेतात आणि स्वच्छ पाणी पुन्हा खाली येतं. म्हणजे वाफ्यातले खडे नुसते रोपाला धरून ठेवत नाहीत. ते जिवाणूंची चाळ आहेत आणि टाकीचा फिल्टरही.

बहुतेक हौशी मंडळी इथे एकच उत्तर देतात: खडी! आपल्याकडे ती मिळते पण मस्त. मुंबईच्या पायाखालचा बराचसा दगड बेसॉल्ट, आपला काळा पाषाण. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचा सुमारे 200 फुटी सुळका त्याच कुळातला. या दगडात सहसा चुना नसतो, त्यामुळे पाण्याचा पीएच बिघडत नाही. किंमत किरकोळ. अर्धा ते पाऊण इंची खडी आणली, क्रशरची धूळ जाईपर्यंत धुतली, की काम झालं.

लोचा आहे तो वजनाचा.

वाफा साधारण एक फूट खोल लागतो. एक घनफूट खडी भरते जवळपास 45 किलो. तिच्या फटींत पाणी भरलं की आणखी 11. म्हणजे वाफ्याच्या प्रत्येक चौरस फुटामागे 56 किलो. दोन बाय तीनचा इवलासा वाफा केलात तरी हिशोब जातो 336 किलोवर. पाच धडधाकट मित्र चोवीस तास, बाराही महिने गॅलरीच्या एका कोपऱ्यात उभे आहेत असं समजा. आणि त्यात टाकी अजून धरलेलीच नाही. दोनशे लिटरचा निळा पिंप म्हणजे 200 किलो नुसतं पाणी.

आता गॅलरीची बाजू बघा. इमारतींवरच्या भारासाठी आयएस 875 नावाचं भारतीय मानक आहे. त्याच्या 1987 च्या दुसऱ्या भागात घरगुती गॅलरीसाठी धरायचा किमान भार आहे चौरस मीटरला सुमारे 300 किलो, म्हणजे चौरस फुटाला 28. खडीचा वाफा त्याच्या बरोब्बर दुप्पट! आणि गच्ची? 'गच्ची काय, मजबूतच असते' असं आपल्याला उगाच वाटतं. वर जाता येईल अशा सपाट गच्चीसाठी हाच आकडा आहे 150 किलो, चौरस फुटाला जेमतेम 14. हा भार सगळ्या स्लॅबवर पसरलेला धरतात हे खरं, एका कोपऱ्यातल्या वाफ्याने लगेच काही कोसळत नाही. पण बाहेर काढलेली, एकाच बाजूने आधार असलेली गॅलरी, त्यात घाटकोपरची चाळीस वर्षांची, पावसाने सळ्या गंजलेली बिल्डिंग असेल तर अंदाजपंचे कशाला? 30 वर्षांहून जुन्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानेच करावं लागतं. सोसायटीच्या ऑफिसात तो रिपोर्ट असतो. तो मागा, आणि इंजिनीअरला वजनाचा आकडा सांगून विचारा. सेक्रेटरीसाहेब कटकट करतील, पण या एका बाबतीत ते बरोबर आहेत.

मग खडीऐवजी काय? माझं मत विचाराल तर गॅलरीसाठी भट्टीत फुगवलेल्या मातीच्या गोळ्या, ज्यांना दुकानदार लेका किंवा क्ले बॉल म्हणतात. आतून जाळीदार, त्यामुळे घनफुटाला दहा-बारा किलोच. पाण्यासकट चौरस फुटाला 25 च्या आसपास. म्हणजे मर्यादेच्या आत, पण काठावर. उथळ, आठ इंची वाफा करून फक्त पालेभाजी लावली तर आणखी निवांत. खडीपेक्षा त्या बऱ्याच महाग पडतात, आणि पहिल्यांदा पाण्यावर तरंगतात, म्हणून दिवसभर भिजत ठेवा. धुताना निघणारं लाल पाणी बाथरूमच्या जाळीत ओतू नका, कुंडीत ओता.

विटांचे तुकडे हा देशी जुगाड. मुंबईतल्या कितीतरी गच्च्यांवर वॉटरप्रूफिंगचा ब्रिकबॅट कोबा असतो, तोच हा माल. जिवाणूंना आवडतो, पण कच्ची वीट विरघळून पंपात चिखल जातो आणि ओलं वजन चाळिशीच्या पुढे जातं. कोकोपीट आणि उसाची चिपाडं कुंडीसाठी बेस्ट, इथे मात्र नाही. ती कुजतात, फटी बुजवतात. खाडीची रेती तर आणूच नका. तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो.

चुन्याची परीक्षा घरीच होते. वाटीभर व्हिनेगरमध्ये दोन-चार खडे टाका. फसफसले तर चुना आहे, तो दगड बाद. नर्सरीत मिळणाऱ्या पांढऱ्याशुभ्र मार्बल चिप्स इथेच नापास होतात. दिसायला झकास, पण पीएच वर चढवतात आणि मग रोपांना लोह मिळत नाही, पानं पिवळी पडतात. गंमत म्हणजे काही महिन्यांनी जिवाणूंच्या कामामुळे पीएच खाली घसरायला लागतो, तेव्हा हेच मूठभर शिंपले पुरचुंडीत बांधून टाकीत सोडायचे.

गच्चीच मिळाली असेल तर वाफ्याचा मोह सोडा. पीव्हीसी पाइपमधून पाण्याची पातळ धार सोडायची, भोकांत रोपं बसवायची आणि लेका भरलेली एकच बादली फिल्टर म्हणून ठेवायची. जिवाणूंना राहायला जागा हवीच, ती पाइपमध्ये पुरत नाही. टाकी मात्र स्लॅबच्या मधोमध नको. खाली बीम कुठे आहे ते इंजिनीअरकडून समजून घ्या आणि त्याच्यावर ठेवा.

मासे? सुरमई-पापलेट विसरा, ते समुद्राचे. सुरुवातीला कोई किंवा गोल्डफिश. वर्सोव्याच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेच्या संशोधकांनी याच माशांवर प्रयोग केले आहेत. कोईसोबत पालक, आणि 2016 साली कोई-गोल्डफिशसोबत नाळीची भाजी. म्हणजे आपल्या यारी रोडच्या संस्थेने जोडी जमवून ठेवली आहे. पालिकेचं पाणी चोवीस तास उघडं ठेवून क्लोरीन उडू द्या. सुरुवातीला दोन-तीनच मासे सोडा, त्यांना चिमूटभरच खाणं द्या. जिवाणूंची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर अमोनिया टेस्ट किट हाताशी हवं. डिस्कव्हरी चॅनलसारखं दुसऱ्याच दिवशी काही घडत नाही.

आणि पावसाळा. वाफ्यातली पाण्याची पातळी वरच्या थरापेक्षा एक इंच खालीच ठेवा. वरचे खडे कोरडे राहिले की शेवाळ धरत नाही, डासांना अंडी घालायला उघडं पाणी मिळत नाही. टाकीवर बारीक जाळी. वाफ्याला काठाखाली ओव्हरफ्लोचा पाइप हवाच, कारण एक फूट वाफ्याच्या फटी साधारण 120 मिलिमीटर पावसात भरून जातात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पडला होता.