दंतवैद्य, खेळाडू, प्रशिक्षक : लास्लो बोलोनी

क्रिस्तियानो रोनाल्डोचे नाव आज गल्लीतल्या पोरालाही पाठ आहे. पण तो सतरा वर्षांचा असताना त्याला मोठ्यांच्या संघात पहिल्यांदा उतरवले कोणी, असे विचारले तर भलेभले गप्प बसतात. तारीख होती १४ ऑगस्ट २००२. लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबचा सामना इंटर मिलानशी होता आणि प्रशिक्षक होते लास्लो बोलोनी. नागरिक रोमानियाचे, मातृभाषा हंगेरियन आणि शिक्षणाने दंतवैद्य! या तीन गोष्टी एका माणसात कशा आल्या, हे समजून घेतले पाहिजे.

बोलोनी यांचा जन्म ११ मार्च १९५३ रोजी तिर्गू मुरेश या शहरात झाला. हे शहर ट्रान्सिल्व्हेनियात आहे. पहिल्या महायुद्धानंतर हा मुलुख हंगेरीकडून रोमानियाकडे गेला. माणसे जागच्या जागी राहिली, सीमारेषा मात्र त्यांच्या डोक्यावरून सरकली. कालचे बहुसंख्याक आज अल्पसंख्याक झाले. २०११ च्या जनगणनेतही रोमानियात हंगेरियन लोकांची संख्या बारा लाखांवर होती. अशा समाजातल्या मुलाला दोन्हीकडून एकच प्रश्न विचारला जातो, 'तू नेमका कोणाचा?'

बोलोनी यांनी या प्रश्नावर भाषणे ठोकली नाहीत. त्यांनी दोन कामे एकाच वेळी केली. गावच्या संघातून ते फुटबॉल खेळले आणि गावातच दंतवैद्यकाची पदवी घेतली. चेंडू पायाशी ठेवला, पण पुस्तक हातचे सोडले नाही. खेळाडूचे आयुष्य किती? गुडघा गेला की टाळ्या संपल्या. तेव्हा हातात पदवी असेल तर माणूस कोणाच्या दारात उभा राहत नाही.

रोमानियाच्या राष्ट्रीय संघातून ते शंभराहून अधिक सामने खेळले. एप्रिल १९८३ मध्ये बुखारेस्टला रोमानियाने विश्वविजेत्या इटलीला १-० असे हरवले. तो एकमेव गोल बोलोनी यांचा होता. १९८४ मध्ये ते स्तेआवा बुखारेस्ट या लष्कराच्या क्लबात गेले. देशात चाउशेस्कुची हुकूमशाही होती. दुकानांसमोर रांगा होत्या आणि खेळाडूला मनाप्रमाणे परदेशी जाण्याची मुभा नव्हती.

७ मे १९८६ रोजी स्पेनमध्ये सेव्हिल येथे युरोपियन चषकाचा अंतिम सामना झाला. समोर बार्सिलोनासारखा धनाढ्य क्लब होता आणि मैदानही त्याच्याच देशातले. एकशेवीस मिनिटांत एकही गोल झाला नाही. पेनल्टी सुरू झाल्या. बोलोनी यांची पेनल्टी बार्सिलोनाच्या गोलरक्षकाने अडवली! परंतु स्तेआवाचा गोलरक्षक हेल्मुथ डुकाडाम याने बार्सिलोनाच्या चारही पेनल्टी अडवल्या आणि चषक प्रथमच पूर्व युरोपात आला. प्रशिक्षक एमेरिक येनेई हेही हंगेरियन समाजातलेच होते. डुकाडाम जर्मन वंशाचा. ज्या चषकाची राष्ट्राने मिरवणूक काढली, तो जिंकण्यात अल्पसंख्याकांचा एवढा मोठा वाटा होता.

आणि मग काय झाले? डिसेंबर १९८९ मध्ये हुकूमशहा गेला. अवघ्या तीन महिन्यांत, मार्च १९९० मध्ये, बोलोनी यांच्याच तिर्गू मुरेशमध्ये रोमानियन आणि हंगेरियन जमावांत रक्तपात झाला. माणसे मेली. हंगेरियन लेखक आंद्राश श्युत्यो यांचा एक डोळा गेला. हंगेरियन समाजाची मागणी काय होती? मातृभाषेत शिक्षण. आमचा सवाल एवढाच आहे, की अल्पसंख्याकाचा गोल चालतो, मग त्याची शाळा का खुपते?

त्या वेळी बोलोनी देशाबाहेर होते. फ्रान्समध्ये नान्सी क्लबला त्यांनी १९९८ मध्ये दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवून दिले. २००० मध्ये रोमानियाने राष्ट्रीय संघ त्यांच्या हाती सोपवला. विश्वचषकाच्या त्याच पात्रता गटात हंगेरीही होता! 'तू कोणाचा' हा प्रश्न याहून टोकदार कसा होणार? बोलोनी यांनी आपले काम केले आणि २००१ मध्ये ते स्पोर्टिंगकडे गेले. पहिल्याच वर्षी त्यांनी पोर्तुगालची लीग आणि चषक दोन्ही जिंकले. पुढची लीग जिंकायला त्या क्लबला २०२१ उजाडले.

२००९ मध्ये बेल्जियमच्या स्टँडर्ड लिएजला त्यांनी विजेते केले. त्या संघात अ‍ॅक्सेल विट्सेलसारखी विशीतली पोरे होती. अँटवर्प हा क्लब तेरा वर्षांनी वरच्या श्रेणीत परतला, तेव्हा २०१७ मध्ये त्यालाही त्यांनी उभे केले. अपयशही वाट्याला आले. २००६ मध्ये मोनॅकोने काही महिन्यांतच त्यांना काढले. मेट्झला त्यांनी २०२३ मध्ये वर आणले आणि पुढच्याच वर्षी तो संघ खाली गेला. त्या वेळी त्यांनी सत्तरी ओलांडली होती.

रोनाल्डोही मडेरा बेटावरच्या गरीब घरातला. लिस्बनच्या पोरांनी त्याच्या बोलीची टिंगल केली होती. बोलोनी यांनी त्याची बोली पाहिली नाही, घराणे विचारले नाही, वयही आड येऊ दिले नाही. पायातली करामत पाहिली आणि मैदान दिले. यात उपकार कसला? योग्यतेला तिची जागा देणे हा न्याय आहे.

गुणवत्ता, गुणवत्ता म्हणून ओरडणारे बरेच असतात. पण मैदानात उतरण्याची संधीच मिळाली नाही तर गुणवत्ता दिसणार कुठे? आमच्या वाचकांपैकी ज्यांची मुले खेळतात त्यांनी बोलोनी यांचे चरित्र मुलांना जरूर सांगावे. मुलाला मैदानावर पाठवा, पण त्याचे दप्तर काढून घेऊ नका. आणि उद्या तो निवडणाऱ्याच्या खुर्चीत बसला, तर दाराशी उभ्या असलेल्या पोराचे आडनाव न विचारता त्याचा खेळ पाहायला त्याला आजच शिकवा.