पंप बंदूक : विश्वसनीयता व बांधणीची पारख

नळीखालील हातधर मागेपुढे सरकवून जिच्यातील उडालेले काडतूस बाहेर टाकता येते व नवे काडतूस नळीत भरता येते, अशा गुळगुळीत नळीच्या, छऱ्याच्या एकनळी बंदुकीस पंप बंदूक म्हणतात. काडतुसे नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक बसविलेली असतात. बहुतेक पंप बंदुका बारा बोअरच्या असतात. एक पौंड शुद्ध शिशाच्या सारख्या वजनाच्या बारा गोळ्या केल्या असता त्यांतील एका गोळीचा जो व्यास येतो, तो या नळीचा व्यास होय, तो सु. १८.५ मिमी. भरतो.

इतिहास : व्यापारी दृष्ट्या यशस्वी ठरलेली पहिली पंप बंदूक ख्रिस्तोफर स्पेन्सर व सिल्व्हेस्टर रोपर या अमेरिकनांच्या १८८२ च्या एकस्वावर आधारलेली होती. जॉन ब्राउनिंग यांनी आखणी केलेली विंचेस्टर कंपनीची १८९७ ची बंदूक पहिल्या महायुद्धात खंदकांतील लढाईत वापरली गेली. तिचे उत्पादन १९५७ पर्यंत चालू होते. याच कंपनीची १९१२ ची घोडा आत असलेली बंदूक, इथाका कंपनीची खालच्या बाजूने काडतूस टाकणारी १९३७ ची बंदूक, रेमिंग्टन ८७० व मॉसबर्ग ५०० हे या प्रकारातील पुढचे प्रसिद्ध नमुने होत. रेमिंग्टन ८७० ही १९५० च्या सुमारास बाजारात आली व २००९ पर्यंत तिचे एक कोटी नग तयार झाले. भारतात इशापूर (पश्चिम बंगाल) येथील रायफल कारखान्यात बारा बोअरची पंप बंदूक तयार होते.

विश्वसनीयतेचे कारण : स्वयंचलित बंदुकीची यंत्रणा काडतुसातील वायूच्या दाबावर अथवा बंदुकीच्या धक्क्यावर चालते. त्यामुळे काडतूस कमजोर असले, की ती अडते. पंप बंदुकीची यंत्रणा मात्र हाताच्या जोरावर चालते. काडतूस न उडाल्यासही हातधर मोकळा करण्याची कळ दाबून ते बाहेर काढता येते. येथे उणीव राहते ती माणसाची : हातधर शेवटपर्यंत मागे न ओढल्यास रिकामे काडतूस बाहेर पडत नाही वा नवे वर येत नाही. घाबरलेल्या अथवा सराव नसलेल्या माणसाच्या हातून हा दोष नेहमी घडतो व तो बंदुकीच्या माथी मारला जातो. न उडालेले काडतूस लगेच बाहेर काढणेही धोक्याचे असते. कारण क्वचित दारू उशिरा पेट घेते. म्हणून नळीचे तोंड सुरक्षित दिशेस ठेवून सु. अर्धा मिनिट थांबावे लागते.

बांधणीची पारख : बंदुकीचे बळ मुख्यतः पाचरीच्या कुलपावर अवलंबून असते. चांगल्या आधुनिक नमुन्यांत पाचरीतील पोलादी कडी थेट नळीच्या मागे वाढविलेल्या भागात अडकते. स्फोटाचा भार पोलादावर पोलाद असा पेलला जात असल्याने बाहेरील पेटी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असली, तरी बळात उणेपणा येत नाही. मॉसबर्ग ५०० ची पेटी अशीच आहे. रेमिंग्टन ८७० ची पेटी पोलादाच्या भरीव ठोकळ्यातून कोरून काढलेली असते. म्हणून केवळ वजनावरून बंदूक भक्कम किंवा कच्ची ठरविणे योग्य नव्हे.

हातधर व पाचर यांना जोडणाऱ्या पट्ट्या दोन असल्यास ओढ सरळ राहते; एकच पट्टी असल्यास ती पिळवटून पाचर अडण्याचा संभव असतो. काडतूस ओढून काढणारी आकडी व तिची स्प्रिंग, काडतूस वर उचलणारी पट्टी आणि नळकांड्यातील काडतुसे रोखून धरणाऱ्या कळा हे झिजणारे भाग असल्याने ते प्रथम तपासतात. दारू नसलेली नकली काडतुसे भरून यंत्रणा हळू व जोरात अशी दोन्ही प्रकारे चालवून पाहतात. हातधर थोडा सैल वाजणे हा दोष नव्हे. मात्र बंद पाचर हलता कामा नये.

उडालेले काडतूस नळीच्या घरात चिकटणे ही तक्रार पुष्कळदा आढळते. घराचा पृष्ठभाग खरखरीत राहिला असेल अथवा तेथे गंज धरला असेल, तर असे होते. घर गुळगुळीत करणे, नळीला आतून क्रोमचा मुलामा देणे आणि बाहेरून घासून निळे पाणी देणे यांवर कारखान्याचा खर्च होतो. स्वस्त मालात काटछाट होते ती प्रथम येथेच. अमेरिकी सैन्याच्या एका विनिर्देशात नमुना बंदुकीतून पूर्ण ताकदीची ३,००० काडतुसे उडविण्याची अट आहे.

नळीची चाचणी : नेहमीच्या दाबापेक्षा अधिक दाबाचे काडतूस उडवून नळी व कुलूप तपासण्याची पद्धत जुनी आहे. लंडनमधील बंदूककारांच्या संघास १६३७ मध्ये सनद मिळाली. बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ मध्ये स्थापन झाले. युरोपातील आंतरराष्ट्रीय मानकानुसार साध्या बारा बोअर काडतुसाचा कमाल दाब ७४० बार व उच्च क्षमतेच्या काडतुसाचा १,०५० बार धरतात. चाचणीचा दाब याहून सु. एकचतुर्थांश किंवा थोडा जास्त असतो. चाचणीत उतरलेल्या नळीवर छाप उमटवितात. अमेरिकेत सरकारी चाचणी सक्तीची नसून कारखानदार ती स्वतः घेतात.

छाप असलेली नळीही दोन चुकांमुळे फुटू शकते. वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या नळीत घरापुढे सरकून अडकते. त्याच्यामागे बारा बोअरचे काडतूस भरून उडविल्यास नळी फुटते. म्हणून वीस बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याचा प्रघात आहे. दुसरी चूक लांबीची : ७० मिमी. काडतूस न उडालेल्या स्थितीत आखूड असल्याने ६५ मिमी. घराच्या जुन्या बंदुकीतही शिरते, पण उडताना त्याचे तोंड पूर्ण उघडत नाही व दाब वाढतो. रिकामी नळी उजेडाकडे धरून पाहिली असता आत काळी वर्तुळाकार सावली दिसली, तर ती फुगल्याची खूण समजावी. अशी नळी बाद करावी लागते.

किनारपट्टीतील परिस्थिती : पालघर जिल्ह्याच्या (स्थापना १ ऑगस्ट २०१४) किनाऱ्यावर, विशेषतः तारापूर-बोईसर पट्ट्यात, खारी हवा व वर्षाला २,००० मिमी.हून अधिक पाऊस यांमुळे पोलाद लवकर गंजते. या औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी बँका व रोकड वाहणाऱ्या गाड्यांचे पहारेकरी बारा बोअरच्या बंदुका बाळगतात. अशी बंदूक वर्षानुवर्षे उडविली जात नाही. ती झिजते ती गंजाने, वापराने नव्हे. निवडणुकीच्या काळात परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात, तेव्हाही ती अनेक आठवडे तेलपाण्याविना राहतात. चामड्याच्या वा कापडी म्यानात ओल धरते. नळीत तेलाचा पातळ हात, हवेशीर जागा व पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पुसणे, एवढी काळजी पुरते. तेल जास्त झाल्यास ते मागे उतरून काडतुसाची टोपी निकामी करते. कागदी वेष्टनाची काडतुसे दमट हवेत फुगतात व घरात शिरत नाहीत. खडकी (पुणे) येथील १८६९ मध्ये स्थापन झालेल्या दारूगोळा कारखान्याची ‘शक्तिमान’ काडतुसे महाराष्ट्रात परिचित आहेत.

कायदा : शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये बंदूक बाळगण्यास परवाना लागतो. त्याच्या १३ व्या कलमात संरक्षण वा खेळासाठी किमान २० इंच (५०.८ सेंमी.) नळीच्या गुळगुळीत बंदुकीचा आणि पीक संरक्षणासाठी तोंडाने भरावयाच्या बंदुकीचा उल्लेख आहे, ती अपुरी असल्याची परवाना अधिकाऱ्याची खात्री पटल्यास दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मंजूर होऊ शकते. नळी परवान्याविना आखूड करणे (कलम ६) व ओळखचिन्ह नसलेली बंदूक विकणे (कलम ८) गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीन वर्षांऐवजी पाच वर्षे झाली व एका व्यक्तीस सामान्यतः दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात.

खाजगी व्यक्तींच्या आयातीवर कडक निर्बंध असल्याने भारतात परदेशी पंप बंदुका बहुधा जुन्या व हस्तांतरित अशाच मिळतात. म्हणून नाममुद्रेपेक्षा प्रत्यक्ष नगाची पारख महत्त्वाची ठरते. क्रमांक परवान्यावरील नोंदीशी जुळणे, घराची लांबी, चाचणीचा छाप, नळीची आतील स्थिती, पाचरीचे कुलूप व आकडी हे सहा मुद्दे अनुभवी बंदूक दुरुस्तकाराकडून तपासून घेतल्यावाचून अशी बंदूक उडविणे सुरक्षित मानले जात नाही.