‘पंप’ या शब्दाचे अर्थ आणि फवारणीचे प्रमाण

इंग्रजीतून आपल्या शेतावर आलेले जे शब्द येथेच रुजले, त्यांत ‘पंप’ हा शब्द अग्रभागी आहे. मूळचा तो जहाजांवरील. गलबताच्या तळाशी साचलेले पाणी उपसण्याच्या यंत्रास डच भाषेत ‘पोम्प’ म्हणत. त्याच्याशी नाते असलेला हा शब्द इंग्रजीत आरंभी खलाशांच्या तोंडी होता. पुढे विहिरीचे पाणी वर आणणाऱ्या व सायकलच्या चाकात हवा भरणाऱ्या यंत्रासही तो लागू झाला. ‘पंपशू’तील पंप मात्र निराळा. इंग्रजीत बिनबंदांच्या हलक्या जोड्यास ते नाव आहे. उच्चार एक असला तरी कूळ वेगळे.

विहिरीवरील पंपाविषयी घोटाळा होत नाही. तो पाच अश्वशक्तीचा की साडेसात, हे शेतकरी स्वतःच सांगतो. घोटाळा होतो तो पाठीवरच्या पंपाविषयी. या यंत्रास इंग्रजीत ‘स्प्रेअर’ म्हणतात, आणि पंप हा त्यातील दाब देणारा केवळ एक भाग होय. आपण भागाचे नाव सबंध यंत्रास दिले, आणि पुढे त्याच्या टाकीत मावणाऱ्या पाण्यासही तेच दिले. ‘आज दहा पंप मारले’, ‘पंपाला किती औषध घालू?’ या वाक्यांत पंप हे यंत्र राहिलेले नाही, ते माप झाले आहे. शेर, पायली ही मापे निदान एका गावात तरी ठरलेली असत. पंपाचे तसे नाही. बाजारात १०, १५, १६, २० व २५ लिटरच्या टाक्या मिळतात व त्या सर्वांस पंपच म्हणतात.

समजा, एका कीटकनाशकाची शिफारस १० लिटर पाण्यास २० मिलिलिटर अशी आहे. ज्याची टाकी २५ लिटरची, तो योग्य रीतीने ५० मिलिलिटर औषध घेतो व शेजाऱ्यास ‘पंपाला पन्नास’ म्हणून सांगतो. शेजाऱ्याची टाकी १० लिटरची असल्यास त्याच्या हातून अडीचपट तीव्र द्रावण तयार होते. पीक करपण्याचा संभव आणि फवारणाऱ्याच्या जिवास धोका, असे दोन्ही त्यातून उद्भवते. याच्या उलट झाल्यास कीड मरत नाही व दोष औषधाला दिला जातो.

याहून गंभीर गैरसमज ‘पॉवर पंप’ या जोडशब्दाने होतो. कृषी विद्यापीठांच्या शिफारशींत साध्या पंपाचे प्रमाण देऊन ‘पॉवर पंपासाठी मात्रा तिप्पट घ्यावी’ अशी सूचना पुष्कळदा असते. तेथे पॉवर पंप म्हणजे इंजिनावर पंखा फिरवून औषधाचे धुके उडविणारे यंत्र होय. त्यास त्याच क्षेत्राकरिता पाणी सुमारे एक तृतीयांश लागते. म्हणून पाण्यातील प्रमाण तिप्पट केले तरी एकरी औषध तेवढेच पडते. बॅटरीवर चालणारा पंप या अर्थाने पॉवर पंप नव्हे. हाताने दट्ट्या हलविण्याचे श्रम बॅटरीने वाचविले, एवढाच त्यात फरक. पाणी जवळजवळ साध्या पंपाइतकेच लागते. त्यात तिप्पट मात्रा घातल्यास एकरी औषधही तिप्पट पडते. सन २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्याची कारणे एकाहून अधिक होती आणि सर्व दोष प्रमाणावर टाकणे योग्य होणार नाही. तथापि तीव्र द्रावण पाठीवर वाहणाऱ्या माणसास चुकीस वाव किती थोडा असतो, हे त्यावरून कळून यावे.

सबब आपल्या पंपाचे माप प्रत्येकाने स्वतः काढावे. टाकीत लिटरच्या मापाने साधे पाणी भरून एक गुंठा, म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद एवढ्या उभ्या पिकावर नेहमीच्या चालीने फवारावे. उरलेले पाणी मोजून वजा करावे. गुंठ्यास ५ लिटर लागले, तर ४० गुंठ्यांच्या एकरास २०० लिटर, म्हणजे १६ लिटरच्या टाकीने साडेबारा टाक्या लागतील. डब्यावरील पत्रकात एकरी ४०० मिलिलिटर मात्रा असेल, तर प्रत्येक टाकीस ३२ मिलिलिटर औषध पडेल. पीक वाढले की पाणी अधिक लागते, म्हणून हे माप हंगामात दोनतीनदा घ्यावे. पत्रकातील मात्रा हेक्टरी असल्यास तिला अडीचाने भागावे, हे विसरू नये; येथे चुकणारे सुशिक्षितही पाहिले आहेत.

टाकीवर कारखान्याच्या खुणा नसल्यास वरील पाणी भरतानाच दर ५ लिटरला बाहेरून रंगाची रेघ ओढून घ्यावी. औषध मोजण्यास बाटलीचे झाकण न वापरता खुणा असलेले मापपात्र घ्यावे व ते घरातील भांड्यांपासून दूर, औषधाबरोबरच कुलुपात ठेवावे. दुकानदाराने ‘पंपाला इतके’ असे सांगितल्यास ‘किती लिटरच्या?’ असे त्यास तेथेच विचारावे.