डॉक्टर लघवीचं का विचारतात?

मेसमध्ये काहीतरी बाधलं, रात्रभर उलट्या-जुलाब झाले आणि सकाळी तुम्ही दवाखान्यात. डॉक्टर विचारतात, "लघवी शेवटची कधी झाली?" आपण लाजून 'आठवत नाही' म्हणतो. पण सगळ्यात कामाचं उत्तर तेच असतं. अंगातलं पाणी कमी झालं की किडनी ते धरून ठेवते. लघवी कमी होते, गडद पिवळी होते. सहा-आठ तासांत एकदाही झाली नसेल तर लाजू नका, सांगा. (बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली असेल तर तेही सांगा, पिवळाजर्द रंग तिचाही असू शकतो.)

पुढचं बरंचसं हाताने आणि डोळ्यांनी. जीभ कोरडी आहे का, डोळे खोल गेलेत का, नाडी पळतेय का. नख दाबून सोडतात. पांढरं पडलेलं नख साधारण दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. झोपवून आणि मग उभं करून बीपी बघतात. उभं राहिल्यावर वरचा आकडा 20 किंवा जास्त उतरला, तर ज्याला आपण 'वीकनेस' म्हणतो ती चक्कर पाणी कमी पडल्याची असू शकते. कातडीला चिमटा काढून बघणं लहान मुलांत उपयोगी. आजीच्या हातावर फसवं, कारण वयाने कातडी तशीही सैल असते. आजीला तहानही कमी लागते.

कारण दर वेळी जुलाबच असतं असं नाही. ताप, उन्हातली मॅच, ढोल-ताशा पथकाचा सराव. आटोक्याबाहेरच्या डायबेटिसमध्ये साखर लघवीवाटे जाताना पाणीही ओढून नेते. आणि एक कारण केसपेपरवर सहसा येत नाही: कॉलेजचं टॉयलेट घाण म्हणून दिवसभर पाणीच न पिणाऱ्या मुली. त्याचं औषध डॉक्टरांकडे नाही, प्रिन्सिपॉलांकडे आहे.

जुलाबात नुसतं पाणी पुरत नाही, क्षारही गेलेले असतात. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावला निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायच्या सोड्याचं पाणी पाजायला घेतलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आलं. त्याच जातीचं ओआरएस आज कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं. एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवायचं, ग्लासभर पाण्यात नाही, आणि घोट घोट प्यायचं. पोटात काहीच टिकत नसेल, शौचात रक्त दिसलं किंवा रूममेट गुंगीत बरळायला लागला, तर पाकिटाच्या भरवशावर बसू नका. रिक्षा बोलवा.