मापात पाप

भाच्याने डबी टेबलावर ठेवली. वर लाल अक्षरांत ‘परफॉर्मन्स चिप’ असं छापलेलं, आत स्पंज आणि स्पंजाच्या खाचेत काळ्या नळीत गुंडाळलेला इवलासा तुकडा. मी नखाने नळी सोलली. आतून पिवळ्या, जांभळ्या, लाल आणि सोनेरी पट्ट्यांचा रेझिस्टर निघाला. पिवळा म्हणजे चार, जांभळा सात, लाल म्हणजे पुढे दोन शून्यं. 4,700 ओहम. बुधवार पेठेत रुपया-दोन रुपयांना मिळतो. पठ्ठ्याने नऊशे मोजले होते.

“मामा, एअर सेन्सरच्या वायरीत जोडायचा. दहा बीएचपी वाढते म्हणतात.”

“कोण म्हणतं?”

“सगळेच.”

या धंद्यातली गोम अशी, की ही थाप पूर्ण खोटी नाही. रेझिस्टर जोडला की इंजिनात काहीतरी होतं, हे खरंच आहे. काय होतं, ते समजायला आधी इंजिनाचा किराणा हिशोब पाहावा लागतो. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण 14.7 ग्रॅम हवा लागते. ग्रॅम, लिटर नव्हे. आणि हवा मोठी लबाड जिन्नस आहे. समुद्रसपाटीला 15 अंशांत तिचा एक घनमीटर 1.225 किलो भरतो, 45 अंशांच्या उन्हात तोच 1.11 किलोवर येतो. भांडं तेवढंच, माल कमी. म्हणून गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू, सतत विचारत असतो: आत आलेल्या हवेचं वजन किती?

हे वजन काढायच्या मुख्य रीती दोन. एक आडमार्गाची: इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला, म्हणजे मॅनिफोल्डमधला दाब मोजा, हवेचं तापमान मोजा आणि गणिताने वजन काढा. भाच्याच्या छोट्या पेट्रोल गाडीत हीच रीत आहे. बॉशने 1967मध्ये आणलेली डी-जेट्रॉनिक प्रणालीही दाबावरच चालायची. त्यातला ‘डी’ दाबाच्या जर्मन शब्दाचा, ‘द्रुक’चा. दुसरी रीत सरळ: हवेच्या वाटेत एक बारीक तापलेली तार ठेवायची. हवा जितकी जास्त, तितकी तार गार पडते आणि तिला तापलेली ठेवायला तितका जास्त करंट लागतो. करंट मोजला की वजन कळलं. गरम दुधावर फुंकर घालणाऱ्या कोणालाही हे पटावं.

आता तो रेझिस्टर. तापमानाचा सेन्सर म्हणजे गार झाला की ज्याचा विरोध वाढतो असा एक मणी. नेहमीच्या सेन्सरचा विरोध 30 अंशांना साधारण 1,700 ओहम असतो, शून्य अंशाला 5,900च्या आसपास. त्याच्या वायरीत 4,700 ओहम घुसडले की ईसीयूला दिसतात 6,400. पुण्याच्या 30 अंशांत उभ्या असलेल्या गाडीला वाटतं, आपण लेहला पोचलो. गार हवा म्हणजे जड हवा, तेव्हा पेट्रोल वाढवा. गणिताने ही वाढ अकरा-बारा टक्क्यांची भरते. प्रत्यक्षात बहुतेक ईसीयू इंजिनाची उष्णताही हिशोबात धरतात, त्यामुळे थोडी कमी.

पण पुढे सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर बसलेला आहे. तो धुराचा वास घेऊन सांगतो, पेट्रोल जास्त झालं. ईसीयू कमी करतो, आणि दोन-चार दिवस हेच चाललं तर ही वजावट लिहूनच ठेवतो. आम्ही हट्टाने रेझिस्टर लावून पाहिला. शनिवारी स्कॅनरवर पेट्रोलची दुरुस्ती उणे एक होती, पुढच्या गुरुवारी उणे नऊ. म्हणजे नऊशे रुपयांचं इंजिनाने पाच दिवसांत पाणी केलं होतं. मग मी भाच्याला न सांगता एकदा रेझिस्टर काढून, एकदा लावून गाडी चालवायला दिली. पिकअप कधी वाढलंय हे त्याने छातीठोकपणे सांगितलं. दोन्ही वेळा चुकला.

एवढ्यावर भागलं असतं तर हसून सोडलं असतं. पण तापमानावरून ईसीयू फक्त पेट्रोल ठरवत नाही, ठिणगी कधी टाकायची तेही ठरवतो. हवा तापली की ठिणगी जराशी उशिरा टाकायची, नाहीतर इंजिन ठोकायला लागतं. लेहच्या भ्रमातला ईसीयू ही सावधगिरी सोडतो. मे महिन्यातली दुपार, एसी चालू, चार माणसं, कात्रजचा चढ, आणि नेमकी तिथे ठिणगी लवकर. ही ठोक ऐकणारा नॉक सेन्सर सांभाळून घेतो, पण तो शेवटचा राखणदार आहे. रोज त्याच्यावर विसंबू नये.

मापात पाप करण्याची ही कला अमेरिकेत मात्र भलतीच शास्त्रशुद्ध झाली होती. फोर्ड मस्टँगच्या 5 लिटर इंजिनाला हवा मोजणारा तापल्या तारेचा मीटर 1989पासून सगळीकडे आला. हौशी मंडळींनी इंजिनं वाढवली, तशी त्यांना जास्त पेट्रोल सोडणारी इंजेक्टर हवी झाली. मूळची तासाला 19 पाउंडांची, नवी 30ची. पण संगणकाला हे सांगायचं कसं? त्याच्या आतले तक्ते बदलणं तेव्हा सोपं नव्हतं. मग मीटर विकणाऱ्यांनी युक्ती काढली: मीटरच असा बनवायचा की तो हवा 63 टक्केच दाखवेल. संगणक 63 टक्क्यांचं पेट्रोल मागणार, मोठं इंजेक्टर त्याच वेळात दीडपटीहून जास्त सोडणार, बेरीज बरोबर. दोन खोट्यांचं एक खरं! मला या युक्तीचं अजूनही कौतुक वाटतं. फक्त संगणक इंजिनावरचा भारही त्याच हवेवरून ठरवायचा. हवा कमी म्हणजे गाडी रमतगमत चाललीय, तेव्हा ठिणगी खुशाल लवकर टाका. आणि इकडे मालकाचा पाय एक्सलरेटरवर तळापर्यंत. पुढे संगणकातले तक्तेच थेट बदलता येऊ लागले, तेव्हा समजून-उमजून ट्यूनिंग करणाऱ्यांनी हा नाद सोडून खऱ्या मीटरला खरे आकडे शिकवायला सुरुवात केली.

आपल्याकडे हाच घोळ उलट्या बाजूने होतो. दिसायला झकास म्हणून कोणी जाड इनटेक पाइप बसवतो. तार तीच, नळी 63 मिलिमीटरची 70ची झाली, तर तेवढ्याच हवेचा वेग सुमारे एक पंचमांशाने घटतो आणि मीटर तितकं कमी सांगतो. मिश्रण लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, काही दिवसांनी डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, स्कॅनरवर ‘पी0171’ हा कोड दिसतो. तेल लावलेले कापडी फिल्टर बसवणाऱ्यांची तऱ्हा निराळी: तेल जास्त झालं की ते तारेवर जाऊन बसतं, त्यावर आपली लाल धूळ. कंपनीने ठरवून दिलेल्या रचनेत परवानगीशिवाय फेरफार केला तर मोटार वाहन कायद्यात दर बदलामागे 5,000 रुपयांचा दंडही आहे, हे जाता जाता.

आमच्या रेझिस्टरची गोष्ट मात्र भलत्याच जागी संपली. स्कॅनर लावलेलाच होता म्हणून सेन्सरचं सॉकेट काढून दाखवलं. तापमानाचा आकडा झर्रकन उणे 40 वर गेला, भाचा खूश. परत जोडलं आणि रेझिस्टरविना हायवेवर निघालो. बाहेर 33 अंश, गाडी ऐंशीच्या वेगात, आणि आतल्या हवेचा आकडा 47वरून खाली यायला तयार नाही. वाहत्या हवेत इतका फरक पडायला नको. गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडलं. ग्रिलमागची गार हवा फिल्टरच्या डब्यापर्यंत आणणारी काळी प्लॅस्टिकची नळी जागेवर नव्हतीच. मागच्या सर्व्हिसला कुठल्याशा गॅरेजने काढली होती आणि लावायची राहिली होती. डबा इतके महिने रेडिएटरमागची तापलेली हवा ओढत होता. सेन्सर बिचारा रोज खरं सांगत होता आणि आम्ही त्याचं तोंड बंद करायला रेझिस्टर आणला होता.

जुन्या बाजारात नळी दोनशे रुपयांना मिळाली, क्लिप फुकट. त्याच रस्त्यावर, त्याच वेगात आकडा 37 वर आला. दहा अंश, म्हणजे तीन टक्के जास्त वजनाची हवा.

“तीनच टक्के?” भाचा म्हणाला. रेझिस्टर त्याने परत डबीत घातला. विकायचा विचार दिसतो.