आधी माल, मग मोबाइल

आमच्या मोहल्ल्यातील एक आपा घरच्या घरी नानकटाई करून विकतात. त्याच कमाईतून मुलीच्या कॉलेजची फी भरली जाते. गेल्या रमजानच्या आधी त्यांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून मोबाइलवर एक व्हिडिओ केला. त्यात इंटरनेटवरचा चकचकीत फोटो लावला, मागे सिनेमाचे गाणे घातले. ऑर्डरी आल्या, पण डबा उघडताच एका जुन्या गिऱ्हाईक बाईंनी विचारले, "आपा, व्हिडिओतली नानकटाई कुठे गेली?" आपा हिरमुसल्या. "हे मोबाइलचे काम आपल्याला जमायचे नाही," असे म्हणत आमच्याकडे आल्या.

आम्ही त्यांना अमेरिकेतील एका मिक्सरची हकिकत सांगितली. युटाह राज्यातील ब्लेंडटेक कंपनीचे मालक टॉम डिक्सन मिक्सरची ताकद तपासण्यासाठी त्यात लाकडाचे तुकडे घालून पाहत. कंपनीत नव्याने आलेल्या जाहिरात विभागाच्या माणसाला जमिनीवर सांडलेला भुसा दिसला. हीच तपासणी लोकांना दाखवावी, असे त्याने सुचवले. २००६ साली जेमतेम ५० डॉलर खर्चून पहिले व्हिडिओ तयार झाले. पांढरा कोट घातलेले डिक्सन चक्क काचेच्या गोट्या दळून दाखवत. पुढच्या वर्षी त्यांनी आयफोनही दळला! लाखो लोकांनी ते पाहिले आणि मिक्सरची विक्री कितीतरी वाढली.

यूट्यूब तेव्हा अगदी नवे होते. त्यावरचा पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ रोजी टाकला गेला. संस्थापकांपैकी एक असलेले जावेद करीम प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभे राहून बोलतात. सगळा मामला १९ सेकंदांचा. ना सजावट, ना संगीत.

डिक्सन रोज जे करत होते तेच त्यांनी कॅमेऱ्यासमोर केले. आपांनाही आम्ही एवढेच सांगितले, "तुम्ही रोज करता तेच दाखवा."

दुसरा व्हिडिओ खिडकीच्या उजेडात घेतला. चेहरा दाखवायचा नव्हता, म्हणून फक्त हात दिसले. तूप आणि साखर फेटणे, मैदा मिसळणे, भट्टीतून निघालेली, थोडी तडकलेली नानकटाई. आवाज आपांचाच. दुसऱ्याचे गाणे परवानगीशिवाय वापरले तर व्हिडिओ काढला जाऊ शकतो, म्हणून गाणे नको. शेवटी वजन, भाव, डबा किती दिवसांत मिळेल आणि फोन नंबर.

घरून धंदा करणाऱ्या भगिनींनी आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. खाद्यपदार्थ विकायचे तर एफएसएसएआयची नोंदणी घरगुती व्यवसायालाही लागते. आणि ऑर्डरीच्या नावाखाली कुणी "पैसे पाठवतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका" म्हणाले, तर सावध व्हावे. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

हा व्हिडिओ पहिल्यापेक्षा कमी लोकांनी पाहिला. पण डबा उघडल्यावर कुणी प्रश्न विचारला नाही. ईदेच्या आदल्या दिवशी त्याच जुन्या बाई आल्या आणि तीन डबे घेऊन गेल्या. त्यातला एक, म्हणाल्या, पुण्याच्या नणंदेसाठी. व्हिडिओ तिनेच त्यांना पाठवला होता.